पोहोच नसलेली गावं

सिस्टर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा 'ये, बस' म्हणायच्या आधीच त्या म्हणाल्या, "उजव्या टाचेला भेग पडलीय बघ. तेल लावत जा." मी कम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी, त्यांच्या छोट्या दुकानाची वेबसाइट करून द्यायला आलेली. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

नगरच्या एका मिशन दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी नर्स म्हणून काढली होती, त्यातली बरीच वर्षं कुष्ठरोगाच्या वॉर्डात. तो रोग औषधानं बरा होतो, पण पायातली गेलेली जाणीव परत येत नाही. काटा मोडला, निखाऱ्यावर पाय पडला तरी कळत नाही. माणूस जखमेवर तसाच चालत राहतो. अशा पायांना मऊ रबराच्या, एकही खिळा नसलेल्या चप्पला लागतात. निवृत्त झाल्यावर सिस्टर दोन कारागीर घेऊन त्याच चप्पला बनवून विकू लागल्या. पुढे मधुमेहाचे लोकही मागू लागले. गिऱ्हाइकं कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं कड काढून पाठवायची. तो कागद उन्हाला धरून सिस्टर म्हणायच्या, "ह्यो डाव्या पायावर जोर देतो. तिथं रबर जाड घाला."

पार्सलवर पत्ता त्या स्वतः लिहायच्या, आणि तो कधी तीन ओळींत मावला नाही. गाव, तालुका, पिन यांच्याखाली 'हातपंपाच्या मागं, निळं दार, कुत्रं चावत नाही' असंही असायचं. टपालखिडकीतला माणूस वैतागायचा. "वाचनारा वाचतो," सिस्टर म्हणायच्या. पाठवणावळ मात्र त्यांनी सगळ्यांना एकच ठेवली होती. नगरमधल्या माणसालाही तीच आणि नागपूरच्या पलीकडच्यालाही तीच. "पाय काय अंतर बघून बिघडत्यात का?"

वेबसाइट सुरू झाली, मागण्या वाढल्या आणि त्यातच दुकान बुडायला लागलं. लांबचं पार्सल पाठवण्यात चपलेतला सगळा फायदा जाऊ लागला. पुढच्या महिन्यात रबर आणता येणार नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ठिकाणाप्रमाणे दर लावावेच लागतील. त्यांनी हातातला पायाचा कागद घडी करून ठेवला. मग म्हणाल्या, "लाव. पन आपल्या जिल्ह्याला कमी ठेव."

मी तीन भाग केले. चारशे चौदानं सुरू होणारे पिन म्हणजे आपला जिल्हा. तिथं टपालानं पाठवायचं, दर कमी. बाकी महाराष्ट्राला कुरिअर, दर जास्त. राज्याबाहेर त्याहून जास्त. कुरिअरवाला पार्सल दारातून उचलून न्यायचा, रोज टपालाच्या रांगेत उभं राहायचं काम वाचायचं. जिथं कुरिअर जात नाही अशा पिनांची यादी कुरिअर कंपनीनंच दिली होती, 'पोहोच नाही' या नावाची. मी ती एका क्लिकसरशी वेबसाइटला जोडून टाकली. त्यातला पिन कुणी टाकला की पाटी येणार होती : 'या ठिकाणी आम्ही माल पाठवत नाही.'

सिस्टर शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, "खर्डा टाक बरं." त्यांचं माहेर नगर जिल्ह्यातच, जामखेडच्या बाजूला, खर्ड्याचं. मी पिन टाकला. जिल्ह्याबाहेरचा दर आला.

"खर्डा जिल्ह्याभाईर? कधीपासनं?"

"पिन चारशे तेरानं सुरू होतो सिस्टर. कम्प्युटरला पिनवरूनच कळतं."

"आनि ही यादी कसली?"

"ती कंपनीचीच आहे. आपल्या हातात नाही."

हे खरं नव्हतं. त्या गावांना टपाल जात होतं. एकेक पिन टपालाच्या भागात हातानं घालत बसले असते तर आठवडा गेला असता, आणि मला क्लासला उशीर होत होता. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, पण कम्प्युटरमधलं त्यांना कळत नाही असं त्या स्वतःच मानायच्या. काही बोलल्या नाहीत.

दुकान सावरलं. मी खुशीत होते. पाटी वाचून माघारी गेलेलं गिऱ्हाईक काही दिसत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी दहाच्या सुमाराला सिस्टरांचा फोन वाजला. मी समोरच होते. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून सुमन नावाची बाई बोलत होती. तिचे वडील लहानूबाबा सिस्टरांचे जुने रोगी. बाबांच्या जुन्या केसपेपरावर तिला सिस्टरांचा नंबर सापडला होता. सिस्टरांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"बाबाची चप्पल तुटली हुती. मोबाईलवर तीनदा मागितली, पर तुमचं दुकान न्हाईच म्हनतंय. मग बाजारातली आनली. आता पायाला मोठी जखम हाय, वास येतोय. दवाखान्यात चला म्हनलं तर पाय कापत्याल म्हनतो. माझं ऐकत न्हाई. तुमचं ऐकंल."

अकोले आपल्याच जिल्ह्यात, पण तिथला पिन चारशे बावीसनं सुरू होतो, नाशिकसारखा. म्हणजे माझ्या हिशेबात ते गाव जिल्ह्याबाहेर, आणि कुरिअर तिथवर जात नाही. पाटी मीच लिहिली होती.

सिस्टरांनी सुमनला एवढंच विचारलं, "पाय गरम लागतोय का?" ती म्हणाली, "लई." फोन ठेवून त्या उठल्या, ड्रेसिंगची पिशवी घेतली आणि मला म्हणाल्या, "चल."

नगरहून संगमनेर, तिथून अकोले. एसटीत त्या खिडकीशी ताठ बसल्या होत्या. रागावतील म्हणून मी वाट बघत होते. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. संगमनेरला बस अर्धा तास निघेना, तेव्हा त्या दोनदा खाली उतरून चढल्या. अकोल्याहून पुढची गाडी संध्याकाळीच होती. मी स्टँडवर एकेका जीपवाल्याला विचारत सुटले. चौथा तयार झाला.

लहानूबाबा ओट्यावर बसले होते. पाय जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला. आम्हाला बघून हसले. "सिस्टर, तुमच्या दुकानाला आमचं गाव ठावं न्हाई म्हनं!" मी मान वर केली नाही.

सिस्टरांनी फडकं सोडलं. वास माझ्यापर्यंत आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं, लाली घोट्याच्या वर चढली होती. त्यांनी नडगीवर हाताची पालथी बाजू ठेवली आणि तशीच राहू दिली.

"दुखत न्हाई ओ," लहानूबाबा म्हणाले. "उगा घाबरलीय पोरगी. भात झोडायचं पडलंय."

"दुखत न्हाई हीच भीती हाय, लहानू." त्यांचा आवाज जराही वर गेला नाही. "ही दोन बोटं जात्याल. आज निघालास तर पाय राहील. उद्या निघालास तर मी काय सांगू शकत न्हाई."

लहानूबाबांचं हसू गेलं. त्यांनी खळ्यावरच्या भाताकडे पाहिलं, मग पायाकडे, आपला नसल्यासारखं. सुमन दाराला धरून उभी होती. बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला.

"तुमी थांबशाल का तिथं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"थांबते."

संगमनेरपर्यंत सिस्टरांनी तो पाय आपल्या मांडीवर धरून ठेवला. घाटात गाडी उसळली की त्या दोन्ही हातांनी तो झेलायच्या. दवाखान्यात संध्याकाळी लगेच आत घेतलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, दोन बोटं काढली, पाय वाचला. आणखी एक दिवस गेला असता तर गुडघ्याखालून काढावा लागला असता. मी बाकावर बसून रडले. सिस्टर आत गेल्या, लहानूबाबांना दात घासायला पाणी द्यायला. कबूल केल्याप्रमाणे त्या सहा दिवस तिथं राहिल्या.

परत आल्यावर त्यांनी माझ्यासमोर जिल्ह्याचा नकाशा पसरला. "वाचते मी, तू घाल." तीन आठवडे त्या गावं वाचत होत्या आणि मी पिन घालत होते. जिथं कुरिअर जात नाही तिथं टपाल. जिल्ह्यातल्या डोंगराला आणि आडगावाला नगरचाच दर. राज्यातल्या, राज्याबाहेरच्या आडगावांनाही टपालाचा सगळ्यात कमी दर. त्याची भर पुण्या-मुंबईच्या दरात थोडी थोडी. शहरातली गिऱ्हाइकं जातील, असं मी भीत भीत म्हणाले. "कारन लिही खाली. ज्याला पटंल तो राहील," त्या म्हणाल्या. काही गेली, बरीचशी राहिली. पिन जुळला नाही तर नकाराची पाटी यायची नाही, फोन नंबर यायचा.

त्या यादीबद्दल मात्र त्या मला एका अक्षरानं बोलल्या नाहीत. वर्षं गेली. दुकान हळूहळू माझ्याकडे आलं, त्यांचं हिंडणं थांबलं. शेवटच्या आजारात मी रोज दुपारी त्यांच्यापाशी जायचे. एकदा न राहवून म्हणाले, "सिस्टर, कंपनीची यादी आपल्या हातात नाही, असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. लहानूबाबांची बोटं माझ्या चुकीनं गेली."

त्या 'नाही गं' म्हणतील, असं मला वाटत होतं. खरं तर तेवढ्यासाठीच मी बोलले होते.

"व्हय," त्या म्हणाल्या. "तुझ्याच चुकीनं."

मी खाली बघत राहिले. त्यांनी पांघरुणातून हात काढून माझं मनगट धरलं. आजारी माणसाची पकड नव्हती ती.

"मला खर्ड्याच्या वक्तालाच कळलं हुतं, कायतरी चुकतंय. मी बी गप बसले."

एवढी वर्षं त्या का बोलल्या नव्हत्या, ते मला तेव्हा कळलं. त्यांनी हात सोडला नाही, मीही सोडवून घेतला नाही.