मला ठाऊक असलेला भोंगा

आमच्या पनवेलच्या सोसायटीत कुणी अजून मला 'सर' म्हणत असेल, तर ते कशामुळे, हे मला खरंच कळत नाही. ऐका काय झालं ते.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. सोसायटीत आगीचा सराव ठरला, तेव्हा सभेत मी उठून लहानसं भाषण ठोकलं. "काय होणार हे आधीच ठाऊक असलं, की माणूस घाबरत नाही. भीती जाणिवेच्या ताब्यात असते." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सेक्रेटरी कुलकर्णींनी चौथा मजला माझ्यावर सोपवला.

चौथ्या मजल्यावर मी आणि समोर सारामावशी रोहेकर. नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी बेजार. दोन्ही मुलं इस्रायलला, त्यामुळे हाकेला मीच. ठरलं असं, की भोंग्याचं बटण मी दाबायचं, मावशींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं आणि वॉचमनच्या मदतीने उचलून खाली आणायचं.

रविवारी सकाळी अकराला मी त्यांच्या दारापुढे खुर्ची ठेवली.

"मावशी, आता भोंगा वाजेल. घाबरायचं नाही."

"मी कशाला घाबरू? थांब, चष्मा घेते," म्हणून त्या आत वळल्या.

डाव्या हाताने खुर्ची धरून मी एक, दोन, तीन म्हटलं आणि उजव्या हाताने बटण दाबलं. माझ्याच बोटाने, बरं का.

भोंगा नेमका माझ्या डोक्यावर होता.

पुढचं मला आठवतं ते थेट गेटपासून. एका पायात चप्पल, छाती भात्यासारखी चाललेली. इमारतीतून बाहेर पडलेला पहिला माणूस मीच. अग्निशमन दलाचे अधिकारी घड्याळ हातात धरून उभे होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"साहेब, या खुर्चीवर कोण होतं?"

खुर्ची रिकामी होती. चार मजले मी ती घेऊन पळालो होतो.

तसाच खुर्चीसकट परत वर धावलो. मागे कुलकर्णी आणि वॉचमन. तिसऱ्या मजल्यावर सारामावशी भेटल्या. कठडा धरून, एकेक पायरी मोजत उतरत होत्या. गॅस बंद केला होता, दाराला कुलूप लावलं होतं. माझं दारही त्यांनीच ओढून घेतलं होतं.

"मावशी, चुकलो. पण यात शास्त्र आहे," मी धापा टाकत म्हणालो. "शरीर आधी पळतं. आपण घाबरलोय हे मनाला मागाहून कळतं."

"म्हणजे तू गेटवर पोचलास आणि मग तुला कळलं?"

"हो."

"मग पाय आत्ता का लटपटतायत?"

"आत्ता कळलंय ना, म्हणून."

मावशींनी माझी नाडी धरली, भिंतीकडे बघत मनाशी मोजली आणि वॉचमनला म्हणाल्या, "यालाच बसवा खुर्चीत. जिन्यात पडला तर नस्ता व्याप."

मी नको नको म्हणत राहिलो, पण पाय मावशींच्या बाजूने होते. कुलकर्णी आणि वॉचमनने मला उचलून गेटपर्यंत आणलं. सगळी सोसायटी बघत होती. मावशी मागून सावकाश, आपल्या पायांनी आल्या.

सूचनाफलकावर सरावाचा अहवाल लागला. त्यात लिहिलं होतं: 'उचलून आणावे लागलेले रहिवासी: एक.' पुढे माझं नाव होतं, आणि कंसात 'मानसशास्त्र'.