पॉइंटच्या पुढं

पुण्याच्या माझ्या जुन्या विभागाच्या ग्रुपवर प्रज्ञाताईचा फोटो आला तेव्हा मी शिरूरच्या आमच्या कॉलेजात संख्याशास्त्राचं प्रात्यक्षिक घेत होते. फोटोत ती हसत होती, खाली जोडलेले हात होते, आणि मला आधी वाटलं, बाईला कसला तरी पुरस्कार मिळाला. मिळायलाच हवा होता, उशीरच झाला, असंही मनात येऊन गेलं. मग खालोखाल निरोप येत गेले... आणि अर्थ लागला. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. अजून चाळिशीही गाठली नव्हती तिनं. समोरच्या मुलीच्या पडद्यावर लाल अक्षरांत काहीतरी चूक उमटली होती आणि ती मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला मी काय सांगितलं ते आठवत नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लिहायला बसते आणि थांबते, कारण प्रज्ञाताईविषयी मला जे वाटायचं त्याला प्रेम किंवा आदर म्हणून भागत नाही. मी तिच्यापुढे थक्क व्हायचे, आणि ती सवय इतक्या वर्षांत मोडली नाही.

मी कासुर्डीची, शेतकऱ्याची मुलगी. पुण्यात पीएच.डी.ला आले तेव्हा विषय घेतला होता ठिबक सिंचनाचा: दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या लहान शेतकऱ्यांना ठिबकनं एकरी ऊस वाढवून मिळतो का. शेती मला येत होती, संगणकाची मात्र धास्ती होती. प्रज्ञाताई तिची पीएच.डी. संपवून विभागातच एका प्रकल्पावर काम करत होती. ती दौंडची. वडील रेल्वेत, बालपण सगळं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. मार्गदर्शक सरांशी आणि बाकीच्यांशी ती अगदी छापील मराठीत बोलायची, पण मी कासुर्डीची आहे हे कळल्यावर माझ्यापुरती तिची भाषा घरची झाली. "म्हंजी आपल्याच तालुक्याची की गं तू," असं म्हणून तिनं शेजारची खुर्ची ओढून दिली होती. त्या खुर्चीवर मी पुढच्या कितीतरी दुपारी काढल्या.

प्रोग्राम अडला की बाकीचे सीनिअर काय करायचे, तर आपला कीबोर्ड ओढून घ्यायचे, टकाटका काहीतरी मारायचे आणि "झालं" म्हणून निघून जायचे. प्रज्ञाताईनं माझ्या कीबोर्डला कधी बोटसुद्धा लावलं नाही. हात मांडीवर ठेवून बसायची आणि म्हणायची, "वाच." लाल अक्षरं दिसली की मी घाबरून खिडकीच बंद करून टाकायचे. ती मला ती पुन्हा उघडायला लावायची. "अगं, ते ओरडत न्हाई तुझ्यावर. विचारतंय. काय विचारतंय ते मोठ्यानं वाच." मग प्रोग्रामची एकेक ओळ मी तिला मराठीत सांगायची: ही ओळ काय घेते, काय करते, पुढच्या ओळीच्या हातात काय देते. अतिशय कंटाळवाणा प्रकार. मला तर रागच यायचा, कारण मला उत्तर हवं असायचं आणि ही बाई माझ्याकडून पाढे म्हणून घेतल्यासारखं करायची. पण पाच-सात ओळी झाल्या की माझी मीच अडखळायचे आणि चूक नेमकी तिथंच असायची. एकदा शेतकऱ्यांची फाईल आणि गावांची फाईल जोडली तर भांडगावचे सगळे शेतकरी गायब झाले. दोन दिवस मी सॉफ्टवेअर काढत होते, परत टाकत होते, जगाला शिव्या देत होते. तिनं एवढंच विचारलं, "दोन्ही फायलीतलं भांडगाव एकाच लांबीचं हाय का?" मोजून पाहिलं तर एक भांडगाव एका अक्षरानं मोठं निघालं. नाव लिहून झाल्यावर माझ्याच बोटानं एक कोरी जागा सोडली होती. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट हिनं शेजारी बसून, हात मांडीवर ठेवून पाहिली होती.

पण ज्या दुपारी मी खऱ्या अर्थानं थक्क झाले ती पुढेच होती. माझी मुदतवाढ संपत आली होती, समितीपुढचं सादरीकरण तोंडावर आलं होतं आणि माझ्या हाती एक दणदणीत निष्कर्ष लागला होता. ठिबक लावलेले दौंडचे लहान शेतकरी शिरूरच्या शेतकऱ्यांपेक्षा एकरी दुपटीहून जास्त ऊस काढत होते, आणि शेत जितकं लहान तितकं उत्पन्न जास्त. सर खूश होते. मी तर हवेतच होते, आमच्या तालुक्याच्या मातीचा मला भारी अभिमान वाटत होता. प्रज्ञाताईकडे मी गेले ते फक्त आलेखावरची मराठी अक्षरं चौकोन-चौकोन दिसत होती ती सरळ करून घ्यायला. अक्षरं सरळ झाली. मग तिनं आलेख वाचला आणि एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"कासुर्डीचा पाव एकरवाला एवढा ऊस काढतोय?"

"आमची जमीनच तशी हाय, ताई," मी म्हटलं.

ती वाद घालत बसली नाही. "असंल. चल, वाच."

अख्खा प्रोग्राम मी वाचला. लाल अक्षर एकही नव्हतं, एकही ओळ चुकीची नव्हती. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या की आज हिला काही सापडणार नाही. तिनं मला माहितीची फाईल उघडायला लावली. मग म्हणाली, "क्षेत्राच्या रकान्यातले पॉइंटच्या पुढचे आकडे तेवढे काढ आन् तालुक्याप्रमाणं मांड." हे काय खूळ, असं म्हणत मी मांडले. शिरूरचे आकडे पार नव्व्याण्णवपर्यंत पसरले होते. दौंडचे एकोणचाळिसावर थांबले होते. त्याच्या पुढं कोरं.

ती हसली. "काय गं, दौंडला पॉइंटच्या पुढं चाळिशी कुणालाच गाठता येत न्हाई व्हय?"

आता ते वाक्य आठवलं की तिचंच वय आठवतं. तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. तिलाही अजून पुरतं कळलं नव्हतं. तिनं अगदी सरळपणे विचारलं, "मला खरंच म्हाईत न्हाई म्हणून विचारते. आमच्या घरात सातबारा कधी नव्हताच. एका एकरात गुंठं किती असत्यात?"

"चाळीस," मी म्हटलं. आणि माझा आवाज मलाच ऐकू आला...

आमच्या घरी दीड एकराला माझे वडील, आप्पा, 'एक वीस' म्हणतात. एक एकर, वीस गुंठे. लहानपणापासून कानावर तेच, कागदावरही तसंच लिहायचं: एक, पॉइंट, वीस. दौंडच्या गावांतली माहिती मी स्वतः फिरून गोळा केली होती आणि शेतकरी बोलले तशी लिहून घेतली होती. शिरूरची माहिती भरणाऱ्या मुलांनी सातबारा बघून नीट दशांशात एकर काढले होते. संगणकाला गुंठा काय माहीत? त्यानं माझ्या दीड एकराचा सव्वा एकरसुद्धा होऊ दिला नाही आणि अर्धा एकर तर एकराच्या पाचव्या हिश्श्यावर आणून ठेवला. जमीन कागदावर आक्रसली, ऊस तेवढाच राहिला. शेत लहान तितका चमत्कार मोठा, याचं गुपित एवढंच होतं. प्रज्ञाताईनं तिथूनच आप्पांना फोन लावायला सांगितला.

"आप्पा, मी प्रज्ञा. एक एकोणचाळीसच्या पुढं काय येतं?"

"दोन," आप्पा म्हणाले. "का वो ताई? पोरगी इसरली का काय?"

मी रडले. चांगली मोठ्यानं रडले. माझा निष्कर्ष गेला होता, सादरीकरण डोक्यावर होतं, आणि आता समितीपुढे मी काय घेऊन उभी राहणार होते? सगळं पाण्यात गेलं म्हणाले तर ती म्हणाली, "काम कुठं गेलं? चूक गेली." मी तेवढ्यावर गप्प होणारी नव्हे. पण तिनं समजूत घालत बसण्याऐवजी मला एक नवी ओळ लिहायला लावली: पॉइंटच्या पुढचे ते गुंठे, चाळीसनं भाग, मग एकरात मिळव. काही शेतकऱ्यांच्या बाबतीत नुसतं 'एक पॉइंट दोन' होतं, तिथं दोन गुंठे की वीस हे कुणालाच कळेना. तेव्हा आपल्या कामाचा दिवस मोडून ती माझ्या स्कूटीवर मागं बसून भांडगाव-कासुर्डीच्या रानांत आली. घरोघर आम्ही एकच प्रश्न विचारत होतो आणि लोक आमच्याकडे कीव केल्यासारखं बघत होते.

त्या दिवशी आमच्या रानात तिनं आप्पांना विचारलं, "आप्पा, एक गुंठा केवढा असतो ते दावता का?" आप्पांनी पावलं टाकत तेहतीस फूट एका अंगाला, तेहतीस फूट दुसऱ्या अंगाला मोजले आणि चारी कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली. ती त्या चौकोनाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "एवढा असतो व्हय!" म्हणाली आणि स्वतःभोवती एक गिरकी घेऊन बघत राहिली. मी तिला चहासाठी हाका मारत होते, ती लवकर येईना.

समितीपुढे मी लहानसा निष्कर्ष घेऊन उभी राहिले. ठिबकनं थोडा फायदा होतो, दोन्ही तालुक्यांत जवळपास सारखाच. टाळ्या वगैरे काही पडल्या नाहीत. पण समोरून येणाऱ्या एकाही प्रश्नाची मला त्या दिवशी भीती वाटली नाही. हे सुख काय असतं ते मला तोवर माहीत नव्हतं. पदवी मिळाली, शिरूरला नोकरी मिळाली, आणि प्रज्ञाताईचं अप्रूप वाढतच गेलं. पुष्कळांना वाटतं, तिच्याकडे जमीन नव्हती म्हणून तिला ते बाहेरून दिसलं. तसं असतं तर विभागातल्या निम्म्या लोकांना दिसलं असतं, त्यांच्याकडे तरी कुठं जमीन होती! आपल्याला जे माहीत नाही ते सरळ विचारायची तिला लाज वाटत नसे. पुस्तकं वाचून येणारी हुशारी मी पुष्कळ पाहिली. ही वेगळी होती आणि ती मला आजही पुरती जमत नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला दौंडला गेले. बुद्धवंदना झाली, लोक पांगले, तसं तिच्या आईनं माझा हात धरला. म्हणाली, "चल, तुला एक दावायचंय." गावाच्या कडेला नव्या प्लॉटांची रांग होती, त्यातल्या एकाला तारेचं कुंपण आणि मधे कडुलिंबाचं हातभर रोप. "दोन गुंठं हाय. पोरीनं घेतलं. आमच्या घरात कवा कुणाच्या नावावर जमीन न्हवती, हे पयलं." मग म्हणाली, "मला म्हणायची, माई, आपलं शून्य पॉइंट शून्य दोन. आन् एकटीच हसत बसायची. मला काय त्यातलं कळलं न्हाई. तुला कळतंय का गं?"

मी तिला सगळं सांगितलं, रानातल्या ढेकळांपासून. ती ऐकत होती आणि पायानं रोपाची माती दाबत होती.

शिरूरला परत आल्यावर मी तो जुना प्रोग्राम उघडला. शेतकऱ्यांच्या यादीखाली एक नवी नोंद केली. गाव दौंड, नाव प्रज्ञाताईचं, क्षेत्र शून्य पॉइंट शून्य दोन. तिनं लिहायला लावलेली ती ओळ नसती तर संगणकानं तिच्या जमिनीतली अर्ध्याहून जास्त खाऊन टाकली असती. मी शेजारची खुर्ची ओढली, प्रोग्राम चालवला आणि हात मांडीवर ठेवून बसले. उत्तर आलं, शून्य पॉइंट शून्य पाच एकर. तिची जमीन पुरती भरली होती. खोलीत कुणी नव्हतं, तरी मी ते मोठ्यानं वाचलं.