चांदीचं पाणी आणि तिचा छल्ला

बायको गेली त्याच्या दुसऱ्या महिन्यात मेव्हणा माझा खोकला बरा करायला येऊन राहिला. मुंबईतली नोकरी संपली, हाताला काम नाही, म्हणून मोबाईल बघून वैद्य झालेला. चांदीच्या दोन तारा पाण्यात सोडायच्या, त्यांना बॅटरी जोडायची आणि ते पाणी प्यायचं. म्हणे सगळे रोग पळतात. म्हटलं, "आधी तू पळ."

पहिलं पाणी दुधासारखं पांढरं झालं. आमची विहीर खाडीच्या काठावर, उन्हाळ्यात चहासुद्धा खारट लागतो. मिठानेच पांढरं झालं असेल असं सांगितलं तर म्हणतो, "पाणी गाळून घेतलंय, भावोजी." गाळून मीठ निघतं होय? मग शुद्ध पाणी हवं म्हणून देव्हाऱ्यातली गंगा काढली, बायको जाताना तिच्या तोंडात दोन थेंब घालून उरलेली. तीही गढूळ केली गाढवाने. शेवटी पालीच्या गॅरेजातून बॅटरीत घालतात ते पाणी आणलं. ते पिवळसर झालं तेव्हाच तारा काढायच्या, तर हा मासे-भात खाऊन आडवा झाला. उठला तेव्हा पाणी काळं.

"तारा खोट्या निघाल्या," म्हणाला. "बायचा छल्ला द्या."

बाय म्हणजे त्याची थोरली बहीण, माझी बायको. कमरेला चाव्या अडकवायचा तिचा चांदीचा छल्ला मी खुंटीला ठेवला होता. तिची तेवढीच वस्तू माझ्याकडे राहिलेली. बाकी सगळं मुलींनी नेलं.

"हात लावलास तर बघ," म्हटलं.

गाईला पेंढा टाकून आलो, तर छल्ला ग्लासात लटकतोय आणि पाण्याला हिरवट रंग.

मान हलवत म्हणतो, "तांबं मिसळलंय, भावोजी. बायची चांदी भेसळीची!"

"मेल्या, लग्नात तुझ्याच बापाने घातला तो!"

तेव्हा कुठे तो उठला. वायर सोडवली, चुलीतली राख घेतली आणि पडवीत घासत बसला. बापाच्या अब्रूसाठी असेल, बहिणीसाठी असेल, मी विचारलं नाही. उजळला बराचसा, आकड्याच्या आतला डाग काही गेला नाही. परत खुंटीला अडकवायला निघाला तर मी हातातून ओढून घेतला आणि माझ्या करदोड्याला लावला.

म्हटलं, "आता पाहिजे तर मला आडवा पाडून सोडव."