पोरीला दिलेला ताण

आमच्याकडे वरूडला संत्र्याला बहार आणायचा तर आधी झाडाला तहानलेलं ठेवावं लागतं. पाणी बंद करायचं, पानं मलूल पडू द्यायची, मग एकदम पाणी सोडायचं. याला ताण देणं म्हणतात. माझा नवरा यात असा तरबेज की ताण कधी तोडायचा ते लोक त्याला विचारायला येतात. बाकी कशातच त्याला अक्कल नाही. हे मी रागाने लिहिते आहे आणि खोडणार नाही.

आमच्या आठ वर्षांच्या पोरीला साखरेचा आजार निघाला, लहान मुलांना होतो तो. शरीर आपल्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतं, म्हणून सुई जन्माची. पण सुया सुरू झाल्यावर तिचा डोस उतरत गेला. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, थोड्या पेशी शिल्लक आहेत, आराम मिळाल्यामुळे काम करताहेत. हे फार टिकायचं नाही, सुई मात्र बंद करू नका. मी 'बंद करू नका' ऐकलं. नवऱ्याने 'शिल्लक आहेत' तेवढंच ऐकलं.

मग मोबाईल त्याच्या हातून सुटेना. नेमकं त्या पेशींनाच जाऊन चिकटेल असं काही शास्त्रज्ञ शोधून राहिले म्हणे, मग त्या पोटाच्या फोटोत चमकतात. पुढे औषधही त्याच वाटेने थेट तिथे पोचवतील. "मेल्या नाही त्या, निजल्या हायेत," तो म्हणायचा.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी अकोल्याला गेले. फोनवर रोज विचारायची, सुई दिली का? तो हो म्हणायचा. एका दुपारी त्याचाच फोन आला, पोरगी उलट्या करून राहिली, धापा टाकून राहिली. मी नेसत्या लुगड्यानिशी निघाले. अमरावतीच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तिचे डोळे अर्धवट उघडे होते आणि तोंडाला सडक्या संत्र्याचा वास येत होता.

"काहून बंद केली सुई?" मी विचारलं.

"ताण देल्याबिगर बहार येते का? मले वाटलं, जाग्या होतीन."

त्याला मारायचंही त्राण माझ्यात नव्हतं.

पोरगी वाचली. पुढे रक्त तपासलं, तर तिचं स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ नाहीच. डॉक्टर म्हणाले, हे आज ना उद्या होणारच होतं, ताणामुळे किती गेलं ते सांगता येत नाही. नवऱ्याने हात जोडले.

"थो फोटो काढा ना साहेब. एक जरी चमकली तं सांगा."

ते अजून संशोधनातच आहे, आपल्याकडे निघत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. तो फोटो मलाही हवा आहे. इलाजासाठी नाही. एवढासा ठिपका दिसला तरी मी या माणसाशी पुन्हा नीट बोलू शकेन.

यंदा थंडीत सगळ्यांनी बागांचं पाणी तोडलं, आमची मोटर चालूच राहिली. शेजारी म्हणाले, येडा झाला का बाप्पा हा? आता शिवारभर फुलांचा वास आहे आणि आमची बाग नुसती हिरवी उभी आहे.

काल जेवणाआधी तो पोरीला सुई देत होता. तिने विचारलं, "बाबा, आपल्याच झाडाइले फुलं काहून नाही आले?"

"राहू दे बेटा," तो म्हणाला. "पाणी पिऊन राहिले ना थे."