दहावा फॉर्म

नववीत गणित-विज्ञान सोडून गृहशास्त्र का घेतलं, असं कोणी विचारलं की मी सांगते, "आमच्या वेळी मुलींना कोण देत होतं गणित." ऐकणारे मान हलवतात, जुन्या काळाला दोन शब्द बोलतात आणि विषय बदलतो. दोष काळावर ढकलला की काळ काही उलटून बोलत नाही. खरं म्हणजे मला गणित मिळत होतं. माझ्या वडिलांनी फॉर्मवर सही केली होती.

आमचं घर चांदूर रेल्वेचं. बाबांची गावाबाहेर काळी शेती होती, आणि ते स्वतः चौथी शिकलेले. मुलीला शिकवायचं म्हणून त्यांनी मला अमरावतीला मामांकडे ठेवलं होतं. त्यावरून त्यांच्या सख्ख्या भावाशी त्यांचं इतकं वाजलं की दोन दिवाळ्या दोघं एकमेकांच्या उंबऱ्यावर गेले नाहीत. मुलींच्या शाळेत सातवीपर्यंत पहिला नंबर माझाच. त्याचा ताठाही होता. मामी म्हणायची, ही पोरगी नाकावर माशी बसू देत नाही.

आठवीत एक नवी मुलगी आली. तिचे वडील जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधायच्या कामावर होते, आई शिवणकाम करायची. दोनच वर्षांपूर्वी त्यांचं घर बौद्ध झालं होतं. तिच्याशेजारी बसायला चटकन कोणी पुढे होईना, तेव्हा बाईंनी तिला माझ्या बाकावर पाठवलं, आणि मी फार मोठं काही केल्याच्या थाटात सरकून जागा दिली. त्या थाटाचीही आज लाज वाटते. पण महिनाभरात थाट उरला नाही. ती हसरी होती, फटकळ होती, आणि डबा खाताना मला बोलून बोलून हैराण करायची. अशी मैत्रीण मला पुन्हा मिळाली नाही.

आठवीच्या वार्षिक परीक्षेत ती पहिली आली. मी दुसरी. गणितात तिला माझ्यापेक्षा वीसेक मार्क जास्त होते. मी तिला म्हटलं, "लय चांगलं झालं," आणि घरी येऊन पोट दुखतं म्हणून जेवले नाही.

नववीत विषय निवडायचे असत. एक छापील फॉर्म मिळे, त्यावर गट लिहायचा आणि खाली पालकाची सही आणायची. फॉर्मवर गट दोन असत, पण आमच्या शाळेत वर्ग एकाच गटाचा होता: गृहशास्त्र, आणि त्याबरोबर साधं अंकगणित. त्यावर मॅट्रिक पास होता येई, पण पुढे सायन्स कॉलेजचा दरवाजा बंद. तिला डॉक्टर व्हायचं होतं. कॉलेजात कोणते विषय लागतात हे तिने कुठून तरी विचारून वहीच्या पानावर उतरवून आणलं होतं. मॅट्रिकला काय हवं, इंटरला काय हवं, कोणता विषय सुटला तर कोणती वाट बंद होते, सगळं रेघा मारून. चौदा वर्षांची मुलगी. मला तर उद्या भाजी कोणती हेही ठाऊक नसायचं.

ते पान घेऊन आम्ही दोघी मोठ्या बाईंकडे, म्हणजे हेडमास्तरीण बाईंकडे गेलो. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "दहा मुलींचे फॉर्म आणा. दहा झाले तर गणित-विज्ञानाचा वर्ग काढते, मास्तर बाहेरून बोलावते. नऊ आणले तर माझ्याकडे येऊ नका."

मग सुट्टीभर आम्ही घरं पालथी घातली. बोलायची ती, आणि बरं दिसावं म्हणून सोबत मी. काही घरांत तिला अंगणातच उभं ठेवत आणि मला आत बोलावत. मी आत जात असे. एका मुलीची आई म्हणाली, "सायन्स घेतलं त पोरीले बेडूक कापा लागते म्हणतात. मंग भाजी कोण कापन?" ही अंगणातून म्हणाली, "त्याच हातानं भाजीबी कापते ना, काकू." मी घाईघाईने पुढे जोडलं, "हात धुऊन." त्या घराचा फॉर्म मिळाला, कसा ते देवालाच माहीत. शाळा उघडायच्या आठवड्यात आमच्याकडे नऊ झाले आणि दहावी मी.

माझा फॉर्म बाबांनी पेरणीआधीच भरून दिला होता. बियाणं घ्यायला अमरावतीला आले तेव्हा मामांच्या ओसरीवर बसून त्यांनी सही केली. एकेक अक्षर दाबून, आणि मग कागद लांब धरून पाहिला. "आता मांगं नाही हटायचं," म्हणाले.

फॉर्म द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी तो समोर घेऊन बसले. माझ्या डोक्यात काय होतं ते स्पष्टच लिहिते, कारण त्याला दुसरं कुठलंही बरं नाव नाही. वर्ग निघाला तर तिथे ती पहिली येणार आणि मी दुसरी. नववीत, दहावीत, मॅट्रिकला, कायम. गृहशास्त्रात मात्र ती नसणार, तिथे पहिली मीच. दहाव्या फॉर्मशिवाय वर्गच निघणार नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. मी तो फॉर्म मामीच्या चुलीत घातला. सकाळी शिपायाकडून दुसरा मागून घेतला, गृहशास्त्र लिहिलं आणि मामांपुढे धरला. मी त्यांच्या घरी राहायची म्हणून शाळेत त्यांची सही चालत असे. त्यांनी पेपरावरची नजरही न काढता सही केली.

शाळेत मी तिला सांगितलं, "बाबा नाही म्हणाले."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग उलट मलाच धीर द्यायला लागली. मोठ्या बाईंकडे जाऊन तिने सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि रविवारी सकाळी मामांच्या दारात हजर. "चाल, तुह्या बाबाले भेटू. मी समजावून सांगतो त्यायले."

मी म्हटलं ते शेतात असतील. ती म्हणाली शेतात जाऊ. मी म्हटलं ते फार तापट आहेत. म्हणाली, "मारतीन थोडेच?" शेवटी बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही चांदूरला पोचलो. सबंध वाटेत तिने काय काय बोलायचं ते मला म्हणून दाखवलं, आणि कुठे बदल करू का, असं मलाच विचारलं.

डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी, चालू होती. बाबा दुपारच्या भाकरीला घरी आले होते आणि ओसरीच्या कडेला पाय धूत होते. आम्हाला अवचित पाहून त्यांना आनंदच झाला. त्यांनी तिचं नाव विचारलं, वडील काय करतात विचारलं. आईने चहा आणला. बाबांना आणि मला कपबशीत, तिला काचेच्या गिलासात. तो गिलास मजुरांसाठी वेगळा ठेवलेला असे. बाबांनी पाहिलं आणि ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. तिने गिलास उचलला आणि ती चहा प्यायली.

मग तिने वहीचं पान काढलं. "काकाजी, तुमी नाही म्हणू नका. एका फॉर्मसाठी आमचा वर्ग अडून राहिला. हिले गणित घेऊ द्या."

"म्या नाही म्हटलं?" बाबांनी विचारलं.

"हिनंच सांगितलं ना."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बैल चालता चालता एकाएकी थांबला तर त्याच्या पायात काय रुतलं ते माणूस पाहतो, तसं. मग अगदी हळू म्हणाले, "तुले पाहिजे काय वो गणित? पाहिजे असन त आज सांग. अजून काही बिघडलं नाही."

अजून काही बिघडलं नव्हतं. मी फक्त हो म्हणायचं होतं. कोणी मला खोटारडी म्हटलं नसतं, त्यांनी म्हणूच दिलं नसतं. मी बशीकडे पाहत म्हणाले, "तुम्हीच तर नाही म्हणालात, बाबा."

बाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने पाय पुसले, आधी एक, मग दुसरा.

"हो," ते तिला म्हणाले, "म्याच नाही म्हटलं."

"काहून जी?"

"पोरीच्या जातीले लय शिकून काय करा लागते."

हे वाक्य त्यांच्या भावाचं होतं. याच वाक्यावरून त्यांनी दोन दिवाळ्या घालवल्या होत्या. ती आणखी थोडं बोलली, पानावरच्या रेघा दाखवल्या. ते ऐकत होते आणि मान हलवत होते, नकाराची. शेवटी तिने पान घडी करून वहीत ठेवलं आणि "येतो, काकाजी" म्हणून चपला घालायला अंगणात गेली.

मी पाणी प्यायला आत गेले तर बाबा मागून आले. "पोरगी तुह्या भरोशावर आली होती," एवढंच म्हणाले. मी रडायला लागले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही, नेहमी ठेवत, आणि ते शेतात निघून गेले.

परतताना गाडीत मी रडतच होते. ती समजली की गणित गेलं म्हणून रडते. बडनेऱ्याच्या फलाटावर तिने मला नळावर नेऊन तोंड धुवायला लावलं. "नको रडू. तुहा काय दोष?" म्हणाली.

वर्ग निघाला नाही. दहाही मुली गृहशास्त्राला बसल्या. आणि माझ्या हुशारीची कथा इथेच पुरी होत नाही. ती बाकीच्या आठ मुलींसकट माझ्याच वर्गात येणार, हे त्या संध्याकाळी माझ्या अकलेला सुचलंच नव्हतं. आईच्या हाताखाली शिकलेली ती, तिची तुरपाई बाई वर्गभर फिरवून दाखवायच्या. तिथेही पहिली तीच आली. मॅट्रिकलाही.

मॅट्रिकनंतर तिने मास्तरकीचं ट्रेनिंग केलं. माझं लग्न झालं आणि मी अकोल्याला जठारपेठेत आले. दोन वर्षांनी तिची नेमणूक जुन्या शहरातल्या शाळेत झाली आणि मोर्णा नदीचा पूल ओलांडून ती माझ्याकडे यायला लागली. तिचे विद्यार्थी तिला घाबरत आणि तिच्यासाठी जीव टाकत. अंकगणित असं शिकवायची की दुसऱ्या वर्गातली पोरं खिडकीशी येऊन उभी राहत. हे तीच हसत हसत सांगायची आणि मी चहा गाळत ऐकायची. बाबा कधी आमच्याकडे मुक्कामाला असले आणि ती आली, तर हात जोडून नमस्कार करायची आणि काहीतरी काम काढून लवकर निघायची.

एकदा ती अशीच गेल्यावर बाबा म्हणाले, "तिले सांगून टाक आता."

"काय?" मी विचारलं, जसं काही मला कळलंच नव्हतं.

"मी हाओ तोवर सांग. मंग तुले जास्त जड जाईन."

मी म्हटलं सांगेन. मनात ठरवलंही. पुढच्या खेपेला तिच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं होतं, त्याच्या पुढच्या खेपेला माझं बाळ आजारी होतं. त्यानंतर कारण शोधायचीही गरज पडेनाशी झाली. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. दोन वर्षांनी पावसाळा संपता संपता ते गेले.

दिवसपाणी उरकून मी चांदूरहून अकोल्याला परतले त्या रविवारी ती भेटायला आली. बराच वेळ माझा हात धरून बसली. मग म्हणाली, "एक गोष्ट होती मनात. आता बोलतो, राग नको मानू. मले इतकी वर्षं वाटे का तू माह्या बाकावर बसू नये म्हणून त्यायनं गणित नाही घेऊ देलं. माह्यापासून तोडाले. नाही त दहावी पोरगी तू होती, तुलेच कसं नाही म्हटलं? लय राग होता त्यायचा. तुह्या घरी त्यायच्याकडं धड पाहिलंबी नाही कधी."

मी चहा ठेवायला उठले, तर तिने हात धरून पुन्हा बसवलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "गेलेल्या माणसावर काय राग धरा. म्या सोडला तो आज. त्यायले माफ केलं. पण तू सांग, तसंच होतं ना?"

भिंतीवर बाबांच्या फोटोला तिनेच आणलेला हार होता. घरात आम्ही दोघीच होतो. आता बाबांची अडचण नव्हती, कोणाचीच नव्हती.

"हो," मी म्हणाले. "तसेच होते ते."