थेंबेकाका

आमच्या मुलींच्या वसतिगृहात एक प्लंबर होते. त्यांचं आडनाव काही थेंबे नव्हतं. पण कुठं नळ गळतोय असं कळलं की ते जेवणावरून उठायचे, म्हणून कुण्या जुन्या मुलीनं हे नाव ठेवलं आणि ते इतकं रुळलं, की हजेरीपटावरसुद्धा एकदा तेच लागलं. आम्ही त्यांच्या चालण्याची, खाकरण्याची नक्कल करायचो. त्यांना ते माहीत होतं. रागावले कधीच नाहीत.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला. नळाला सकाळी तासभरच पाणी. परीक्षा महिन्यावर आलेली आणि रेक्टरबाईंनी सांगून टाकलं, "निम्म्या मुलींना घरी पाठवावं लागेल." यादीत माझंही नाव होतं. आमच्या घरी दोन खोल्या आणि माणसं सात. तिथं कसला अभ्यास होणार? मी जिन्यात रडत बसले होते. तिथंच काकांनी बाईंना गाठलं.

"बाई, आठ दिवस द्या. वरच्या मजल्याचं आंघोळीचं पाणी खालच्या संडासांच्या फ्लशच्या टाक्यांत सोडतो. चांगलं पाणी तिथंच तर वाया जातंय."

"आणि वास सुटला म्हणजे?"

"सुटला तर माझ्या हातानं उखडून टाकीन."

भंगारातले पाइप, एक निळं पिंप, गाळायला खडी आणि वाळू. सातव्या दिवशी काकांनी पाणी सोडलं आणि खालच्या मजल्यावर एकच किंचाळ्या! टाक्यांच्या झाकणांतून साबणाचा फेस उतू चालला होता. आम्ही पोट धरधरून हसलो. काका मात्र पिंपाशेजारी मांडीवर पाना ठेवून बसून राहिले.

"हसं झालं माझं," ते म्हणाले. "उद्या काढून टाकतो."

माझं हसू तिथंच विरलं. माझी खोलीतली मैत्रीण, जिला सगळ्या चष्मिस म्हणायच्या, पिंपात डोकावून बघत होती. रसायनशास्त्राची, एरवी तोंडातून चकार शब्द न काढणारी.

"काका, फेस वर तरंगतो ना? मग पाइप वरून का काढलाय? मधनं काढा."

काका आधी तिच्याकडे आणि मग पिंपाकडे बघत राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "तीस वर्षं पाइप जोडतोय मी, आणि हे सुचू नये! ये पोरी, भोक कुठं पाडू दाखव."

दुपारभर दोघं खपली. संध्याकाळी टाक्यांत पाणी आलं, जरा गढूळ, पण बिनफेसाचं आणि बिनवासाचं. चार दिवस वाट पाहून बाईंनी यादी फाडली. मी त्या वर्षी पास झाले ती तिथंच राहून. पुढच्या वर्षी सगळ्या मजल्यांना ती सोय झाली, आणि काही विचारलं की काका म्हणायचे, "थांबा, आमच्या साहेबांना विचारतो." साहेब म्हणजे चष्मिस!

ती पुढं शिकायला दूर गेली, तरी काका तिला पत्रं लिहायचे. दोन ओळी आणि खाली पाइपांची आकृती. त्यांचं शेवटचं पत्र तिनं मला परवा दाखवलं. निवृत्तीनंतरचं. "मोरीच्या पाण्यावर मागं भोपळ्याचा वेल लावलाय. भोपळे इतके लागलेत, की मला बघून शेजारी दार लावून घेतात."

आम्ही दोघी खूप हसलो. मग तिनं पत्र घडी घालून, जपून परत ठेवलं.