ठकीला ओट्यावरून उतरवताना

गोदूबाईंनी पन्नास वर्षं बसून स्वयंपाक केला. लग्न होऊन कल्याणला आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. पहिल्याच दिवशी सासूने पाट दिला आणि चुलीपुढे बसवलं. त्यानंतर पाट बदलले, सासू गेली, बारा वर्षांपूर्वी नवराही गेला, पण बसणं काही बदललं नाही.

चोपन्न साली मुलगा प्रभाकर कल्याणचं बिऱ्हाड मोडून डोंबिवलीला नव्या इमारतीत राहायला आला. हौसेने त्याने आईला आधी स्वयंपाकघर दाखवलं. भिंतीला लागून कमरेइतका उंच ओटा, वर गुळगुळीत शहाबादी फरशी.

"आता उभ्याने कर, आई. गुडघ्यांना त्रास नको."

गोदूबाईंनी फरशीवरून हात फिरवला आणि छान आहे म्हणाल्या. खरं सांगायचं तर उभ्याने पिठलं घोटताना माणसाने बघायचं कुठे, समोर तर नुसती भिंत, असा प्रश्न त्यांना पडला होता. पण मुलाने एवढ्या उत्साहाने दाखवल्यावर भिंतीबद्दल तक्रार कशी करायची?

त्यांच्याबरोबर कल्याणहून एकच जीव आला होता. ठकी नावाची करडी मांजरी, भाजीच्या टोपलीत बसून, वर फडकं बांधून. कल्याणला ती चुलीशेजारी, गोदूबाईंच्या उजव्या गुडघ्याला टेकून बसायची. चोरी कधी केली नाही. दूध शिंक्यावर असो की जमिनीवर, तिला फक्त ऊब हवी असायची आणि गोदूबाईंना मधूनमधून बोलायला कुणीतरी. डोंबिवलीला शेगडी ओट्यावर चढली, गोदूबाई ओट्यापुढे उभ्या राहिल्या, आणि दुसऱ्याच दिवशी ठकी उडी मारून ओट्यावर शेगडीशेजारी जाऊन बसली. गोदूबाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही.

सुनेला दिसलं. सरोज मॅट्रिक झालेली, ठाण्याच्या मुलींच्या शाळेत आरोग्याचा तास घेणारी. एका रविवारी आमटीत तिला केस सापडला. तिने तो बोटावर घेऊन उजेडात धरला आणि न चिडता म्हणाली, "आई, मांजराचा आहे हा."

प्रभाकरने ताट बाजूला सारलं. घरात जे काही बोलणं झालं त्याचा मथितार्थ एवढाच की दसऱ्यापर्यंत ठकी ओट्यावर चढायची थांबली नाही, तर कोळसेवाला पंढरी तिला रिकाम्या पोत्यात घालून विठ्ठलवाडीला वखारीत सोडून येईल. दसऱ्याला बावीस दिवस होते.

गोदूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. पंढरीच्या वखारीत दोन कुत्रे होते, हे त्यांना ठाऊक होतं.

आता मांजराला शिकवायचं कसं? नातवंडं नव्हती, मुलगा आपोआप शहाणा झालेला; शिकवण्याचा अनुभव असा त्यांना नव्हताच. त्यांनी आधी ठकीला समजावून सांगितलं. "हे बघ, इथे नाही बसायचं. खाली बस." ठकीने ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. मग पाण्याचा शिपका मारला. ठकी उतरली, अंग चाटून कोरडं केलं, पुन्हा वर आली. शेजारच्या गंगुबाई म्हणाल्या, ओट्याच्या काठावर ताटल्या अर्ध्या बाहेर काढून ठेवा, उडी मारली की पडतील, दचकेल. पडल्या खऱ्या. ठकी दचकली नाही, गोदूबाई दचकल्या आणि त्यांच्या हातातली कढीची वाटी सांडली. दुसऱ्या दिवसापासून ठकी ताटल्यांच्या मधून नेमकं पाऊल टाकत यायला लागली. लिंबाच्या साली झाल्या, हिंगाचं पाणी झालं. हिंगाच्या वासाने सगळी इमारत विचारायला आली की आज काय बेत.

रागवावं तर मनापासून रागवता येईना, ही खरी अडचण. गोदूबाई सोवळ्यात स्वयंपाक करायच्या. न्हाऊन, लोकरीची धाबळी नेसून, स्वयंपाक होईपर्यंत कुणालाही शिवायचं नाही. प्रभाकर चहा लागला तर उंबऱ्याबाहेरून मागायचा. पण मांजराला विटाळ नसतो. हे त्यांना वडिलांनी सांगितलं होतं, सासूने सांगितलं होतं, आणि वडील भिक्षुकी करणारे, त्यांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल? सोवळ्यात मांजर शिवलं तरी चालतं. मग ओट्यावर बसलं तर का चालत नाही? आणि धाबळी म्हणजे तरी काय, मेंढीचे केसच की. ते अंगभर चालतात आणि ठकीचा एक चालत नाही. गोदूबाईंनी हा विचार दोनतीनदा नीट मांडून पाहिला, पण तो कुठेच जाऊन थांबेना.

दसऱ्याला पाच दिवस उरले असताना सरोज शाळेचं पातळ नेसून उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. आत भाकरी तव्यावर होती आणि शेगडीपाशी ठकी पाय पोटाखाली घेऊन निवांत बसली होती.

"आई, ती वर बसलीये."

"हाकलते हो." गोदूबाईंचे दोन्ही हात पिठात होते.

"मी हाकलली असती. पण मला आत येता येत नाही." सरोज हे भांडायला म्हणाली नव्हती. तिचा आवाज थकलेला होता. "लग्नाला तीन वर्षं झाली, आई. सकाळी स्वयंपाकघरात मी एकदाही आले नाही, इथेही नाही आणि कल्याणलाही नाही."

गोदूबाईंनी ओट्यावरच्या मांजरीकडे पाहिलं, मग उंबऱ्याबाहेरच्या सुनेकडे. आपण कुठेतरी चुकतो आहोत असं त्यांना वाटलं, आणि चूक कोणती ते काही केल्या कळेना. नियम तर सगळे पाळले होते. तोवर भाकरी करपली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी पंढरी कोळसा टाकायला आला तो पोतं झटकूनच. "आजी, रिकामं आनलंय. आत्ता घालू का?"

"उद्या," गोदूबाई म्हणाल्या आणि दार लावलं. ओट्यापुढे उभं राहवेना. त्यांनी शेगडी उचलून खाली जमिनीवर ठेवली, माळ्यावर टाकलेला जुना पाट काढला आणि बसल्या. अजून डोळे पुसतायत तोच ठकीने ओट्यावरून खाली उडी मारली आणि उजव्या गुडघ्याला टेकून बसली.

गोदूबाईंच्या तेव्हा ध्यानात आलं. ओट्याशी तिला काही देणंघेणंच नव्हतं. एकवीस दिवस आपण हिंग शिंपडत बसलो, आणि ती बिचारी केवळ आपल्यामागे वर आली होती.

संध्याकाळी प्रभाकरने रिकामा ओटा पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा पाहिला. ठकी खाली, शेगडी खाली, आई खाली. तो खूश झाला. "शिकवलंस की गं तिला."

मांजर काही शिकलेलं नाही, जागा मी बदलली, असं गोदूबाई सांगणार होत्या. पण पंढरी दाराशी आला होता आणि प्रभाकरने त्याला परत पाठवलं, तेव्हा त्या गप्प राहिल्या. श्रीखंडाचा चक्का त्यांनी आधी ठकीला दिला, नैवेद्याच्याही आधी, आणि देवाची मनातल्या मनात क्षमा मागितली.

दोन दिवसांनी सरोज पुन्हा उंबऱ्याशी आली. "आई, ओटा रिकामाच असतो. मी तिथे स्टोव्हवर ह्यांच्या डब्याच्या पोळ्या करू का? तुमच्या शेगडीला शिवणार नाही."

नाही म्हणायला कारण हवं होतं. सोवळं होतं की. पण सोवळं म्हटल्यावर उंबऱ्याबाहेर उभी असलेली ती दिसायची, आणि ओट्यावरचं मांजर दिसायचं. गोदूबाई म्हणाल्या, "ये."

तिसऱ्या दिवशी डब्याबरोबर भाजीही ओट्यावर झाली. मग चहा. मग कुकर आला. सरोजचे हात चलाख होते, केस घट्ट बांधलेले असायचे, ती कामात गुणगुणायची. नावं ठेवावी असं त्यात काही नव्हतं. गोदूबाई खाली आपल्यापुरता भात आणि वरण करायच्या. मीठ लागलं तर सरोज वरून बरणी खाली द्यायची, तीसुद्धा शिवू नये म्हणून जमिनीवर ठेवून.

दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी त्या धाबळी नेसून आल्या तेव्हा वर स्टोव्ह आधीच पेटलेला होता. खाली शेगडी थंड, आणि शेगडीशेजारी ठकी त्यांची वाट पाहत बसलेली. सासू गेल्यापासून घरात आज काय शिजवायचं ते गोदूबाईंनी ठरवलं होतं, कुणी विचारलं नव्हतं आणि विचारायची गरजही नव्हती. त्या पाटावर बसल्या.

"आई," सरोजने पाठमोरीच विचारलं, "तुमच्यासाठीही इकडेच टाकू का आज? स्टोव्ह पेटलेलाच आहे, शेगडीला कोळसा उगाच."

राग म्हणावा तर सून प्रेमाने विचारत होती. आनंद म्हणावा तर डोळे भरले होते. त्यांनी ठकीच्या पाठीवर हात ठेवला. ती उबदार होती.

"टाक," त्या म्हणाल्या. "मीठ जरा बेताने घाल."